यादी आली त्या सकाळी

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी नर्स आहे. पाय मुरगळला, इन्सुलिन घ्यायचंय, पोटात कळ आली, अशा कारणांनी दिवसभर पोरं माझ्या खोलीत येत असतात. त्यातली बरीच डोकं दुखतंय म्हणून येतात आणि डोक्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. पलंगावर जरा आडवी होतात, छताकडे बघतात, आणि मग हळूच काहीतरी सांगतात. घरात काय चाललंय, कोण त्रास देतंय, रात्री झोप का लागत नाही. ऐकणं हे माझ्या कामाचं निम्मं अंग आहे असं मी मानते.

त्याच खोलीला लागून असलेल्या स्वच्छतागृहात अधूनमधून मला मुलांच्या लघवीचे नमुने घ्यावे लागत असत. अमली पदार्थांच्या चाचणीसाठी. कोणावर संशय आहे म्हणून नव्हे. ज्याच्यावर संशय असतो त्याची वाट वेगळी, त्याला लगेच डॉक्टरकडे पाठवावं लागतं. ही चाचणी चिठ्ठ्या टाकून नाव काढल्यासारखी. बाहेरच्या संस्थेचा संगणक विद्यार्थी क्रमांक निवडतो आणि यादी सकाळी शाळेत येते. यादीत कोण असू शकतं? जो खेळतो, बँडमध्ये वाजवतो, नाटकात काम करतो, किंवा ज्याला शाळेच्या आवारात गाडी लावायचा परवाना हवा आहे तो. आईवडिलांनी आणि मुलाने वर्षाच्या सुरुवातीला संमतीपत्रावर सही केलेली असते. सही नाही तर बँड नाही.

भारतातून कोणी पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच विचारतात, की सरकारी शाळा असं करूच कशी शकते? राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीने इथल्या माणसाला सरकारी झडतीपासून संरक्षण दिलंय आणि सरकारी शाळा म्हणजे सरकारच. पण 1995 साली ओरेगनमधल्या व्हर्नोनिया गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की खेळाडूंची अशी चाचणी चालेल. सातवीतल्या एका मुलाला फुटबॉल खेळायचा होता आणि त्याच्या आईवडिलांनी सही करायला नकार दिला होता, तिथून तो खटला उभा राहिला. 2002 मध्ये ओक्लाहोमातल्या टेकम्सेच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ही परवानगी गायनवृंद, बँड अशा सगळ्या उपक्रमांपर्यंत नेली गेली. त्या वेळी विरोधात लिहिलेल्या निकालपत्रात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी म्हटलं होतं की शाळेनंतरच्या उपक्रमांत रमणारी मुलं व्यसनाकडे वळण्याची शक्यता मुळात कमी असते, म्हणजे हे धोरण चुकीच्या मुलांवर रोखलेलं आहे. आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये हंटरडन सेंट्रल या हायस्कूलच्या खटल्यात चार विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने कौल दिला. प्रत्येक ठिकाणी मतं अशी फाटलेली. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. माझंही मन अनेक वर्षं तसंच फाटलेलं होतं.

ते एका बाजूला झुकलं ते ऑक्टोबरमधल्या एका सकाळी.

त्या दिवशी यादीत बँडमधला एक मुलगा होता. अकरावीतला, ट्रॉम्बोन वाजवणारा. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो माझ्याकडे वरचेवर येऊ लागला होता. कारण तेच, डोकेदुखी. संध्याकाळी बँडचा सराव, मग एका उपाहारगृहात भांडी धुण्याचं काम, घरी पोचायला उशीर. झोप येत नाही म्हणायचा. त्याच्या मनात काहीतरी आहे आणि तो त्याच्या कडेकडेने फिरतोय हे मला कळत होतं. अशा वेळी घाई करून चालत नाही. विचारलं की मूल मिटून जातं.

मी वर्गात फोन करून त्याला बोलावलं. तो आला, टेबलावरचा प्लॅस्टिकचा कप आणि तीन प्रतींचा फॉर्म बघितला आणि जागच्या जागी थांबला. दार लावून घेतलं, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मिसेस के, पॉझिटिव्ह येणार आहे."

मी काही बोलले नाही. मग तो आपणहून सांगत गेला. कामावरच्या एका मोठ्या मुलाकडून गांजाचा व्हेप, म्हणजे वाफ ओढायची इलेक्ट्रॉनिक नळी, मिळतो. न्यू जर्सीत 2022 पासून एकवीस वर्षांवरच्यांसाठी गांजाची दुकानं उघडली आहेत, हमरस्त्यावर त्यांच्या पाट्या दिसतात. मोठ्यांनी घ्यायचं आणि लहानांना द्यायचं, हे दारूचं होतं तसंच आता गांजाचं. आधी शनिवारी, मग झोपेसाठी रोज रात्री. "मी तुम्हाला सांगणारच होतो. मागच्या आठवड्यात आलो होतो ना, तेव्हा सांगणार होतो. बाहेर कोणीतरी आलं आणि मी गेलो."

तो आला होता, हे खरं होतं. नाकातून रक्त येणारी एक मुलगी मध्येच आत आली होती, हेही खरं होतं.

आता माझी अडचण सांगते. हेच तो यादी यायच्या आधी बोलला असता तर मी त्याला आमच्या व्यसनविषयक समुपदेशकांकडे घेऊन गेले असते. स्वतःहून मदत मागणाऱ्या मुलाला शिक्षा नाही, आणि त्याने सांगितलेलं गुप्त ठेवण्याची कायद्याची चौकट आहे. पण यादीत नाव आल्यावर दार बंद. नमुना द्यायचा, किंवा नाकारायचा. नाकारणं म्हणजे पॉझिटिव्हच धरलं जातं. तोच मुलगा, तीच गोष्ट, तीच खुर्ची. फरक फक्त संगणकाने त्या सकाळी कोणते आकडे काढले याचा.

मी समुपदेशक बाईंना बोलावलं. त्या धावत आल्या. आम्ही दोघींनी प्रशासनाला विचारलं की आज याचा नमुना न घेता याला मदत मागणारा मुलगा म्हणून धरता येईल का. उत्तर शांतपणे आणि सरळ आलं. आज सोडलं तर उद्या प्रत्येक जण यादीत नाव आल्यावर मदत मागायला येईल. ते चूक नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा लावायचा तर हेच उत्तर येणार. पण नियम सारखा ठेवण्यासाठी समोरच्या मुलाने पहिल्यांदा उघडलेलं तोंड आम्ही झाकलं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्याने नमुना दिला. कपावरच्या पट्टीवर तापमान बघायचं, 90 ते 100 फॅरनहाइटच्या मधे हवं, नाहीतर नमुना बाहेरून आणलाय असा अर्थ. मग तो दोन बाटल्यांत ओतायचा, मुलाच्या डोळ्यांदेखत सील लावायचं, सीलवर त्याने आद्याक्षरं करायची, कागदावर त्याची सही आणि माझी सही. या सगळ्यात आम्ही एकमेकांशी फक्त 'इथे' आणि 'हो' एवढंच बोललो. जाताना त्याने विचारलं, "आता मी तुम्हाला जे सांगितलं ते कुठे लिहिणार?" मी म्हटलं, कुठेच नाही. त्याने मान डोलावली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता.

नमुन्याचं पुढे काय होतं ते बहुतेक पालकांना ठाऊक नसतं. प्रयोगशाळेत आधी ढोबळ चाळणी होते, त्यात काही सापडलं तर दुसऱ्या, जास्त अचूक यंत्रावर खात्री. मग निकाल थेट शाळेला नाही, तर आधी एका परीक्षण करणाऱ्या डॉक्टरकडे जातो आणि तो घरी फोन करून विचारतो की मुलाला काही औषध चालू आहे का. एकाग्रतेच्या विकारावरच्या काही गोळ्या ॲम्फेटामिनच असतात, त्यामुळे त्या घेणारी मुलं रीतसर पॉझिटिव्ह दिसतात.

आणि खसखस. एका दिवाळीनंतर आपल्याच एका मराठी घरातल्या मुलाच्या नमुन्यात मॉर्फिन दिसलं. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा आईला धड बोलता येईना, म्हणून तिने मला फोन केला. "ताई, हे काय म्हणतायत?" भारतातून आजी आल्या होत्या, घरात खसखशीची खीर आणि अनारसे झाले होते. खसखस अफूच्याच बोंडातली, तिच्यावर मॉर्फिनचा अंश राहतो. हे ठाऊक असल्यामुळेच अमेरिकी केंद्र सरकारने नोकरदारांच्या चाचणीतली मर्यादा 1998 मध्ये मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली. शाळांना मात्र ती बंधनकारक नाही. मी डॉक्टरांना सगळं समजावलं, त्यांनी आकडे पाहून निकाल निगेटिव्ह नोंदवला. आजी मात्र कितीतरी दिवस सावरल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "अगं बाळ, मी आयुष्यभर पोरांना हेच घातलं गं." मी म्हटलं, आजी, तुमच्या खिरीत काही वाईट नाही, आणि तुमच्या नातवातही नाही.

ट्रॉम्बोनवाल्या मुलाचा निकाल त्याने सांगितला होता तसाच आला. पोलिसांना कळवत नाहीत, शाळेतून काढत नाहीत, गुणपत्रिकेवर काही येत नाही. ठरावीक काळ उपक्रम बंद आणि समुपदेशन सक्तीचं. शिक्षा म्हणून बघितली तर सौम्य. पण त्याचा दिवस बँडवर उभा होता. सरावाच्या वेळात तो आता कुठे जाणार? सरळ कामावर, जिथे तो व्हेप मिळतो तिथे. हंगामातली शेवटची स्पर्धा त्याच्याशिवाय झाली.

त्याची आई मला भेटायला आली. मला वाटलं होतं ती चिडलेली असेल. ती म्हणाली, "चाचणी झाली म्हणून मला कळलं. नाहीतर मला कधी कळलं असतं?" हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण ते खरं आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तिच्या घरात त्या निकालाने एक संभाषण सुरू झालं. ती चाचणीच्या बाजूने आहे आणि तिला तो अधिकार आहे.

पण मी माझ्या कपाटाकडे बघते तेव्हा मला दुसरी काळजी वाटते. आमच्या राज्यात हायस्कूलमध्ये नॅलोक्सोन ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, अफूजन्य औषधांचा अतिरेक झाला तर जीव वाचवणारं. ते आज ठेवावं लागतं ते मुख्यतः फेंटॅनिलमुळे, म्हणजे अफूसारख्याच पण कितीतरी तीव्र अशा कृत्रिम औषधामुळे. आणि नेहमीच्या पाच पदार्थांच्या चाचणीत फेंटॅनिल दिसतच नाही. शुक्रवारी रात्री भरपूर दारू प्यालेला मुलगा सोमवारी त्या चाचणीतून स्वच्छ बाहेर येतो. गांजा नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत मात्र तो अनेक आठवडे रेंगाळतो. म्हणजे सगळ्यात जिवघेणी गोष्ट निसटते आणि सगळ्यात जास्त रेंगाळणारी सापडते. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2003 मध्ये 76,000 विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हा चाचणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या शाळांत व्यसनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. 2010 च्या सरकारी अभ्यासात, 36 हायस्कूलमध्ये, चाचणीच्या कक्षेतल्या 16 टक्के मुलांनी गेल्या महिन्यात काही घेतल्याचं सांगितलं, आणि चाचणी नसलेल्या शाळांतल्या तशाच मुलांत हे प्रमाण 22 टक्के होतं. हा फरक मी नाकारत नाही. पण पुढे घ्यायचा विचार आहे का, या प्रश्नाच्या उत्तरांत फरक नव्हता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2015 मध्ये शाळांत अशी चाचणी सरसकट राबवण्याला विरोध नोंदवला.

माझ्यासाठी निर्णायक ठरलं ते मात्र या आकड्यांतलं काही नाही. तो मुलगा त्या दिवसानंतर डोकेदुखीसाठी कधी आला नाही. त्याच्या बँडमधली आणखी दोन-तीन मुलं येत असत, तीही येईनाशी झाली. कोणी मला वाईट बोललं नाही. मुलांनी फक्त एवढं ओळखलं, की जिच्याजवळ बोलायचं तीच कप हातात देते.

शाळा मंडळाच्या सभेत नागरिकांना बोलायला थोडा वेळ मिळतो. मी तिथे बोलले आणि नंतर मुख्याध्यापकांकडे दोन मागण्या लेखी दिल्या. नमुने घ्यायचे असतील तर बाहेरच्या माणसाने, माझ्या खोलीपासून दूर घ्यावेत. आणि यादीत नाव आलेला मुलगा नमुना देण्याआधी स्वतःहून बोलला, तर वर्षातून एकदा त्याला मदत मागणारा म्हणून धरावं, समुपदेशन सक्तीचं ठेवावं, पण त्याला बँडमधून किंवा संघातून काढू नये. पहिली मागणी मान्य झाली. नमुने आता व्यायामशाळेच्या बाजूच्या खोलीत एक प्रशिक्षित माणूस येऊन घेतो. दुसरीवर मंडळाच्या वकिलांचं मत मागवलं आहे, आणि ते येईपर्यंत दर सभेला मी हात वर करून तोच प्रश्न विचारते.