इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकवाल्या गाडीत हिल स्टार्ट असिस्ट चालू केला, माझा अनुभव

गाडी फोक्सवॅगन ग्रुपची सेदान आहे, मॅन्युअल गिअरची, आणि हँडब्रेकला लिव्हर नाही तर बटण आहे. सपाट रस्त्यावर काहीच तक्रार नाही, पण चढावर ट्रॅफिक मुंगीच्या पावलांनी सरकायला लागलं की खरी परीक्षा. लिव्हरवाल्या गाडीत कसं, हँडब्रेक अर्धा ओढून ठेवायचा, क्लच पकडायला लागला की हळूच खाली सोडायचा, हाताला सगळं कळतं. बटणाला ते नाही, एकतर लागलाय नाहीतर सुटलाय.

आता खरं सांगायचं तर या हँडब्रेकमध्ये स्वतःहून सुटायची सोय असते. सीट बेल्ट लावलेला, इंजिन चालू, गिअर टाकला, क्लच सोडत अॅक्सिलरेटर दिला की हँडब्रेकचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा छोटा कॉम्प्युटर, हिशोब करतं की आता गाडी मागे जाणार नाही आणि ब्रेक सोडतं. चांगलं चालतं ते, मला आवडतं. पण त्यासाठी प्रत्येक वेळी थांबल्यावर बटण ओढायला लागतं, मागच्या दोन्ही चाकांवरच्या मोटर गुर्रर्र करून पॅड आवळतात, मग पुन्हा सोडतात, आणि पुढे दोन गाड्यांएवढं सरकलं की परत तेच. २००५ च्या फोक्सवॅगन पसाटमध्ये ही जी पद्धत आली त्यात मोटर आणि पिस्टनच्या मधे गिअरिंग १ ला १५० असं आहे, म्हणजे छोटीशी मोटर प्रचंड ताकद लावू शकते पण वेळ घेते. पार्क करायला उत्तम, दर अर्ध्या मिनिटाला वापरायला नाही असं माझं स्पष्ट मत. थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारं ऑटो होल्डचं बटण असतं तर प्रश्नच नव्हता, पण माझ्या गाडीत ते नाही.

म्हणून हिल स्टार्ट असिस्ट. लोक याला हिल होल्ड पण म्हणतात आणि मग ऑटो होल्डशी गल्लत करतात, म्हणून आधी एवढं सांगते कारण पुढचं सगळं यावर आहे. हिल असिस्ट हँडब्रेकला हातच लावत नाही. तुम्ही पायाने ब्रेक दाबून चढावर थांबलात, की ईएसपीच्या (गाडी घसरू न देणारी यंत्रणा, एबीएसच्याच युनिटमधून चालते) हायड्रॉलिक युनिटमधले व्हॉल्व बंद होतात आणि तुम्ही दिलेलंच प्रेशर आत अडकून राहतं, पाय उचलला तरी साधारण २ सेकंद. तेवढ्यात पाय अॅक्सिलरेटरवर जातो, इंजिनचा टॉर्क पुरेसा झाला की प्रेशर हळूहळू सोडलं जातं. ऑटो होल्ड मात्र मिनिटं मिनिटं धरून ठेवतो आणि फार वेळ झाला किंवा दार उघडलं तर काम इलेक्ट्रॉनिक हँडब्रेककडे सोपवतो. कल्पना काही नवीन नाही, १९३६ च्या स्टुडबेकर गाड्यांमध्ये क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेकचं प्रेशर धरून ठेवणारी यांत्रिक सोय होती, तेव्हा ना कॉम्प्युटर ना सेन्सर, मला हे वाचून फार कौतुक वाटलं होतं.

तर माझ्या गाडीत हे फीचर बंद होतं. एका वर्कशॉपमध्ये विचारलं तर म्हणाले होणार नाही, पूर्ण एबीएस युनिट बदलावं लागेल. मला ते पटेना. कारण विचार करा, या फीचरला लागतं काय? ईएसपीचं युनिट, ते गाडीत आहे. ब्रेकचं प्रेशर मोजणारा सेन्सर, तो ईएसपीबरोबर येतोच. चढ किती आहे हे कळायला पुढे-मागे दिशेचा अॅक्सिलरेशन सेन्सर, फोक्सवॅगनच्या भाषेत जी२५१. साध्या हँडब्रेकच्या आणि फक्त पुढची चाकं ओढणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये घोडं इथेच अडतं कारण तो सेन्सर दिलेलाच नसतो. पण इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक स्वतःहून सुटायचा तर त्याला चढ कळावाच लागतो, नाहीतर तो सोडणार कधी? आणि क्लच पेडल कुठपर्यंत आलंय हेही त्याला कळावं लागतं. म्हणजे माल सगळा गाडीत आधीपासून आहे, फक्त एबीएसच्या मॉड्यूलला सांगायचं आहे की वापर. अर्थात युनिटच्या सॉफ्टवेअरमध्ये ते फीचर असायला हवं, सगळ्यात नसतं, आणि नसेल तर कोडिंगने, म्हणजे मॉड्यूलमधली सेटिंग बदलून, काही होणार नाही हे आधीच धरून चालायचं.

माझ्याकडे व्हीसीडीएसची केबल होती, म्हणजे फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांची मॉड्यूल लॅपटॉपवरून वाचायच्या आणि बदलायच्या सॉफ्टवेअरची. स्टेअरिंगच्या खाली गाडी तपासायचा १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो तिथे लावायची आणि लॅपटॉपवर बघायचं. पण कोडिंगला हात लावायच्या आधी बराच वेळ मी फक्त वाचण्यात घालवला आणि ज्याला कोणाला हे करायचंय त्यानेही तेच करावं. आधी पूर्ण ऑटो-स्कॅन, सगळ्या मॉड्यूलचा, आणि ती फाइल लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर पण. त्यात ०३ नंबरचं मॉड्यूल म्हणजे एबीएस आणि ५३ म्हणजे पार्किंग ब्रेक हे दोन आपल्या कामाचे. एबीएसचा पार्ट नंबर, सॉफ्टवेअर व्हर्जन आणि सध्याचं कोडिंग, हे तीन मी वहीत हाताने पण लिहून घेतलं, एकेक आकडा दोनदा तपासून. कुठल्याही मॉड्यूलमध्ये जुना फॉल्ट असेल तर तो आधी निस्तरायचा. मागचा स्पीड सेन्सर रुसलेला असताना वर नवीन फीचर चढवायचं म्हणजे नंतर कळणारच नाही की लाइट कशामुळे लागली.

मग मेजरिंग ब्लॉक, म्हणजे सेन्सरचे आकडे जिवंत दिसतात तो भाग. हा भाग मला सगळ्यात आवडला, खरंच. गाडी सपाट जागेवर उभी केली, अॅक्सिलरेशनचा आकडा शून्याच्या आसपास. तिथून उताराच्या रस्त्यावर नेली, नाक वर करून उभी केली, आकडा वाढला आणि तिथेच थांबला. उलटी उभी केली, तोच आकडा उणे झाला. गाडीला चढ दिसतोय! इतक्या वर्षांत तो आकडा आत कुठेतरी सतत बदलत होता आणि मला माहीतच नव्हतं. मग क्लच हळूहळू दाबत गेले, आकडा पायाबरोबर सरकत होता, मधे कुठे उडी नाही. ब्रेक दाबला, प्रेशर बारमध्ये वर गेलं, पाय सोडला की शून्यावर. ब्रेक लाइटचा स्विच पण बघा, त्यात दोन संपर्क असतात आणि दोन्ही बरोबर बदलायला हवेत. हे सगळं स्वच्छ दिसल्यावरच माझी खात्री झाली की वर्कशॉपवाल्यांचं म्हणणं निदान माझ्या गाडीपुरतं खरं नाही.

कोडिंग म्हणजे एक लांबलचक हेक्स आकड्यांची माळ. काही मॉड्यूलमध्ये एक बिट टिक केला की झालं, पण एबीएसमध्ये असं सरळ असेलच असं नाही. माझ्या मॉड्यूलमध्ये एक फीचर बदललं की बाकीच्या बाइट, म्हणजे माळेतल्या आकड्यांच्या जोड्या, पण त्याला जुळाव्या लागतात, अख्खी माळ एकमेकांत गुंतलेली, आणि जुळली नाही तर मॉड्यूल सरळ नकार देतं, एरर ३१, रिक्वेस्ट आउट ऑफ रेंज. घाबरायचं नाही, नकार दिला म्हणजे जुनं कोडिंग जसंच्या तसं आहे. उलट मला ही पद्धत आवडते, ब्रेकच्या मॉड्यूलने असं कडकच असावं, कोणीही काहीही टाकावं आणि त्याने ते निमूट घ्यावं हे चालणार नाही. जुळणारी माळ मिळवायची तर तोच पार्ट नंबर, तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स आणि ब्रेकच्या डिस्कचा तोच साइज असलेल्या, पण कंपनीतूनच हिल असिस्ट घेऊन आलेल्या गाडीचं कोडिंग बघायला हवं. डिस्कचा साइज मुद्दाम लिहितेय कारण त्याच माळेत ब्रेकची माहिती पण असते, दुसऱ्याच गाडीची माळ आंधळेपणाने टाकली आणि मॉड्यूलने ती घेतली, तर हिल असिस्ट चालेलही पण एबीएस चुकीच्या ब्रेकचा हिशोब धरून बसेल. हे फार महत्त्वाचं आहे. मी माझी जुनी माळ आणि जुळत्या गाडीची माळ एकाखाली एक ठेवून बाइट न बाइट ताडून बघितली, फरक नेमका कुठे पडतोय आणि का, हे कळल्याशिवाय पुढे गेले नाही.

टाकायच्या दिवशी बोनेट उघडून बॅटरीला चार्जर लावला. इग्निशन चालू आणि इंजिन बंद अशा अवस्थेत गाडी बराच करंट खाते आणि मधेच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट राहू शकतं. एसी, लाइट, रेडिओ सगळं बंद. ०३ मध्ये जाऊन आधी सिक्युरिटी अॅक्सेसचा कोड, मग नवीन माळ, पुन्हा एकदा वहीशी ताडून बघितली. भाऊ शेजारच्या सीटवर होता, म्हणाला, "ताई, दाब आता, किती वेळा वाचशील?" मी म्हटलं, "ब्रेक आहेत रे, म्युझिक सिस्टिम नाहीये." मग स्क्रीनवरचं डू इटचं बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही, मग खाली ओळ आली, कोडिंग अॅक्सेप्टेड.

आणि मिटरवर ईएसपीचा लाइट लागला. हे अपेक्षित होतं कारण कोडिंग बदलल्यावर सेन्सरचं बेसिक सेटिंग पुन्हा करावं लागतं. चढाचा सेन्सर शून्य कशाला म्हणतो ते त्याला शिकवायचं. त्यासाठी जागा खरोखर सपाट हवी, डोळ्याला सपाट वाटते ती नव्हे. मी फरशीवर लेव्हल ठेवून जागा शोधली, टायरची हवा चारही चाकांत बरोबर केली, डिकी रिकामी केली, गाडीत कोणी बसलेलं नाही, लॅपटॉप बाहेरून हातात धरून. इथे अर्धा-एक अंशाचा फरक राहिला तर तो कायमचा राहतो, कारण फीचर चालू व्हायची सीमाच साधारण ५ टक्के चढ, म्हणजे जेमतेम ३ अंश. त्यात एक अंश इकडेतिकडे म्हणजे केवढा झाला बघा. माझ्या मॉड्यूलमध्ये जी२५१ चं सेटिंग ब्लॉक ०६९ मध्ये होतं, तुमच्यात वेगळं असू शकतं, आपल्या मॉड्यूलचं बघून करा. सेटिंग झालं, स्टेअरिंगचा अँगल सेन्सर जी८५ पण सरळ रेषेत गाडी चालवून तपासला, फॉल्ट पुसले, लाइट गेला आणि पुन्हा आला नाही.

टेस्टिंगला रिकामा रस्ता, सौम्य चढ, मागच्या चाकांच्या मागे हातभर अंतर ठेवून लाकडी ठोकळे, आणि भाऊ बाजूला उभा, मागे नाही. पायाने ब्रेक नीट दाबून थांबले. न्यूट्रलमध्ये नाही, पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी जागच्या जागी! पेडल वर आलंय, हँडब्रेकचा लाल दिवा बंद, आणि तरीही गाडी उभी. मग खालून बारीकसा टक् आवाज आला आणि ती हळूच मागे सरकायला लागली, मी लगेच ब्रेक दाबला. हे मुद्दाम करून बघितलं, कारण तो टक् आवाज आणि ते दोन सेकंद किती असतात हे अंगात भिनलं पाहिजे. पुढच्या वेळी पाय उचलून लगेच क्लच सोडत अॅक्सिलरेटर दिला आणि गाडी अशी निघाली की जणू सपाट रस्ता, ना झटका ना इंजिनची ओरड. मग उताराला नाक करून रिव्हर्सने वर चढवली, तिथेही धरलं, कारण रिव्हर्स टाकल्याचं मॉड्यूलला कळतं. उताराला नाक करून पहिला गिअर टाकला तर धरत नाही आणि धरूही नये. सपाटीवर काहीच करत नाही, तेही बरोबर.

हँडब्रेकबरोबर भांडण होतंय का ते वेगळं तपासलं. बटण ओढून थांबले आणि मग निघाले तर आधीसारखाच हँडब्रेक स्वतः सुटतो, हिल असिस्ट मधे येत नाही. गाडी चालू असताना बटण ओढून धरलं तर जी इमर्जन्सी ब्रेकिंगची सोय असते, म्हणजे ताशी ७ किलोमीटरच्या वर ईएसपी चारही चाकं आवळतो, तीही रिकाम्या जागेत हळू वेगात करून बघितली. व्यवस्थित. शेवटी ५३ आणि ०३ दोन्ही पुन्हा स्कॅन केले, एकही फॉल्ट नाही.

आता रोजच्या वापरातलं. ब्रेक अगदी हलका दाबून गाडी कशीबशी थांबवली असेल तर आत अडकणारं प्रेशर पण तेवढंच असतं, मग तीव्र चढावर थोडी सरकू शकते. म्हणून थांबल्यावर पेडल जरा जास्त दाबायचं. दार नीट लागलेलं नसेल तर फीचर चालत नाही. क्लच प्लेटला आराम मिळालाय हे नक्की, पूर्वी मी हाफ क्लचवर गाडी तोलून धरायचे, चढ संपेपर्यंत जळका वास यायचा, तो बंद झाला. लांब थांबायचं असेल, फाटक असेल, कोणाला उतरवायचं असेल, तर मात्र सरळ हँडब्रेकचं बटण ओढते. दोन सेकंदांच्या भरवशावर गाडीतून उतरायचं नसतं. घरात दुसरं कोणी ही गाडी चालवत असेल तर त्यालाही रिकाम्या चढावर तो टक् आवाज एकदा ऐकवा. मी भावाला लगेच त्याच दिवशी बसवलं, त्याचा पाय अजून लिव्हरवाल्या गाडीचा आहे, तो पाय उचलून आरामात इकडेतिकडे बघत बसला आणि ठोकळ्यापर्यंत गेला.

एक शेवटचं, जुनं कोडिंग लिहिलेला कागद मी ग्लोव्ह बॉक्समध्ये गाडीच्या पुस्तकात ठेवलाय, नवीन माळ आणि तारीख पण त्यावरच. उद्या एबीएस युनिट बदलायची वेळ आली किंवा कंपनीच्या सर्व्हिसमध्ये मॉड्यूल मूळ कोडिंगवर गेलं, तर समोरच्याला कळायला हवं की इथे काय बदललं होतं.