आमची वाटचाल : केबलच्या तारेपासून लीज लाईनपर्यंत

आर्वीत हल्ली कोणीही उठतो आणि लीज लाईन, म्हणजे एकाच गिऱ्हाईकासाठी राखून ठेवलेली इंटरनेटची लाईन, देतो म्हणतो. ज्याच्याकडे ओएलटीचा (फायबरवरून घराघरांत इंटरनेट वाटणाऱ्या मशीनचा) एक डबा आणि खांबावर चढणारी दोन पोरं आहेत, तोसुद्धा. एका दिवाळीत एका पॅम्प्लेटवर "100 एमबीपीएस लीज लाईन, फक्त 1,500 रुपये" असं छापलेलं पाहिलं आणि डोकं सणकलं. म्हटलं, आपली बाजू एकदा लिहूनच टाकावी.

आम्ही मूळचे केबलवाले. डिश, अँप्लिफायर, कोॲक्सियल आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी वसुली. माझा पार्टनर टीव्ही दुरुस्तीवाला, त्याला सगळा तालुका दादाच म्हणतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि पोरं टीव्हीसमोरून उठली. 31 मार्च 2017 ला केबल डिजिटल करण्याच्या चौथ्या टप्प्यातलं ॲनालॉग बंद झालं, बॉक्स आले, आणि वसुलीतला मोठा वाटा वरच्या कंपन्यांकडे जायला लागला. मी दुसरंच एखादं दुकान काढायच्या विचारात होतो. दादा म्हणाला, "खांबाखांबावर तार आपलीच आहे ना बाप्पा, मग तिच्यातून काय धाडाचं ते पाहू." इंटरनेटचं बी कॅटेगरी लायसन, म्हणजे साधारण एका राज्यापुरतं, असलेल्या एका कंपनीची फ्रँचायझी घेतली. आधी बिनतारी इंटरनेटचे रेडिओ लावले, मग ते काढून फायबर ओढली. ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मशीनबद्दल मात्र सांगितलं पाहिजे. स्प्लायसिंग मशीन, म्हणजे फायबरची दोन टोकं वितळवून जोडणारी, आम्ही नागपुरातून सेकंडहँड आणली. दादाच्या हाताखाली जो पोरगा येतो त्याला पहिले काही महिने मशीनला हात लावू देत नाही. आधी कोटिंग सोलायचा स्ट्रिपर, मग काच सरळ तोडायचा क्लीव्हर. 250 मायक्रॉनचं कोटिंग सोललं की आत 125 मायक्रॉनची काच उरते. ती अल्कोहोलनं पुसून क्लीव्हरमध्ये ठेवायची, टिचकीसारखा आवाज आला की टोक नव्वद अंशात तुटलं समजायचं. काचेचा तुकडा जमिनीवर टाकला की दादा शिव्या घालतो, कारण तो पायात गेला तर दिसत नाही आणि निघतही नाही. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या आवारात तर आणखी वैताग. हवेत रुईचे बारीक तंतू तरंगत असतात, एखादा मशीनच्या व्ही-ग्रूव्हमध्ये (फायबर ठेवायच्या खाचेत) बसला की दोन कोअर (फायबरच्या काचा) समोरासमोर येत नाहीत आणि मशीन एरर देते. म्हणून तिथलं स्प्लायसिंग ओम्नीत बसून, काचा वर करून. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात बंद ओम्नीत बसून पाहा एकदा. पण स्क्रीनवर जॉइंटमधली प्रकाशाची घट 0.02 डीबी आली की दादाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी पोळ्यालाही पाहिलेलं नाही.

ही जिनिंग आमची पहिली लीज लाईन. तिचे मालक शेटजी, त्यांचं हेड ऑफिस नागपूरला, टॅलीचा सर्व्हर तिकडे, काट्याच्या पावत्या तिकडे, आणि आवारातले कॅमेरे त्यांना तिथून पाहायचे असतात. म्हणजे त्यांचं काम अपलोडचं. ब्रॉडबँडवर डाउनलोड भरपूर मिळतो, अपलोड संध्याकाळी बसतो. त्यात गाठींचा ट्रक रात्री कोइम्बतूरकडे निघतो, आणि 1 एप्रिल 2018 पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद, लागतंच. मोबाईलवरही बिल निघतं, मला माहीत आहे. पण त्यात टाकायचे आकडे सर्व्हरवर अडकले असतील तर मोबाईल काय करणार?

आता त्या पॅम्प्लेटवाल्याचं. त्याची लाईन जीपॉनची होती (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत), म्हणजे सरळ ब्रॉडबँड. जीपॉनच्या एका पोर्टवर खाली येताना साधारण 2.5 जीबीपीएस आणि वर जाताना 1.25 जीबीपीएस. ते स्प्लिटर लावून 32 किंवा 64 घरांत वाटतात. 64 जणांना 100 एमबीपीएसचा प्लॅन विकला तर 6.4 जीबीपीएस झाले. हे बेइमानी नाही, आम्हीही तेच करतो, कारण सगळे एकदम ओढत नाहीत. आयपीएलच्या रात्री ओढतात, तेव्हा आमचाही फोन वाजतो. पण त्याला लीज लाईन म्हणायचं नाही. लीज लाईन म्हणजे वन-इज-टू-वन, जितकी खाली तितकीच वर, रात्री आठलाही आणि पहाटे चारलाही, सोबत पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा तुमचा स्वतःचा पत्ता) आणि एसएलए (लाईन किती वेळ चालू राहील याची लेखी हमी). जीपॉनवरही फिक्स बँडविड्थ बांधून देता येते, पण मग ती 1,500 रुपयांत परवडत नाही. हे मी लोकांना सांगायचो तर म्हणायचे, "तुम्ही महाग आहा म्हणून असं बोलून राह्यले."

आणि नेमकं तेव्हाच आमच्यावर आलं.

2021 चा डिसेंबर, कापसाचा ऐन सीझन. आमच्याकडे इंटरनेट आणणाऱ्या वरच्या दोन कंपन्यांच्या लाईन होत्या, मुद्दाम दोन, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. घेताना ईमेलवर विचारलं होतं की दोघांचे रूट वेगळे आहेत ना. दोघांनी लेखी दिलं होतं, वेगळे आहेत. एका रात्री हायवेवरच्या तळेगावच्या बाजूला रस्त्याच्या कामात जेसीबी चालला आणि दोन्ही पोर्टचे दिवे एकाच वेळी गेले. दादानं ओटीडीआर, म्हणजे तार किती अंतरावर तुटली ते दाखवणारं मशीन, लावलं. पहिल्या लाईनचा ग्राफ जिथे खाली पडला, दुसरीचाही अगदी तिथेच. दादा स्क्रीनकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हे तं एकाच पाईपातले हायेत ना बे." एका कंपनीनं दुसरीच्याच केबलमधले दोन कोअर भाड्यानं घेतले होते. आम्ही दोन बिलं भरत होतो आणि वाट एकच होती.

आम्ही मशीन घेऊन तिथे पोचलो. खड्डा उघडा, केबल तुटलेली समोर, एका तासाचं काम. फोनवरून सांगण्यात आलं, "हात लावू नका, आमची टीम येतेय." टीम दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आली. तोवर आम्ही ओम्नीत बसून होतो, मशीनची बॅटरी फुल्ल. नंतर एसएलएचा क्लेम टाकला तेव्हा महिन्याच्या बिलातून दोन दिवसांचं भाडं वजा झालं. आमच्याकडून त्या आठवड्यात जे गिऱ्हाईक तुटलं त्याचा हिशेब कोणाच्याच एसएलएत नव्हता. पॅम्प्लेटवाल्याची पोरं दुसऱ्याच दिवसापासून दारोदार फिरत होती. इन्स्टॉलेशन फुकट, राऊटर फुकट. आमची ड्रॉप केबल (खांबापासून घरापर्यंतची तार) कापून तिच्याच क्लिपांमध्ये त्यांची तार बसवली, हे मी डोळ्यानं पाहिलंय. ओएलटीच्या कर्जाचे हप्ते चालू, पोरांचे पगार थकलेले. दादा पुन्हा टीव्ही उघडून बसायला लागला होता.

शेटजींचे ट्रक त्या रात्री गेटवर उभे राहिले होते. ते सोडून जाणार हे मी धरूनच चाललो होतो. त्यांनी बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मले पैसे वापस नाही पाहिजेत. मले पुलगावकडून तार पाहिजे. पूर्ण वर्षाचं आगाऊ देतो, केव्हा टाकता?"

आर्वी ते पुलगाव पस्तीस किलोमीटर, जुन्या नॅरोगेज रेल्वेचीच वाट, रोहणा, विरूळ असं. पुलगावला मुंबई-हावडा रेल्वेमार्गाच्या कडेची फायबर मिळते, तिचा तळेगावच्या हायवेशी काही संबंध नाही. 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशावर किलोमीटरला साधारण 0.2 डीबी जातात, म्हणजे 7 डीबी, वर जॉइंटचे. ड्रम 2 किलोमीटरचा, म्हणून दर 2 किलोमीटरला एक जॉइंट. 40 किलोमीटरच्या एसएफपीत (तारेच्या टोकाला लावायच्या प्रकाश पाठवणाऱ्या मॉड्यूलमध्ये) ते आरामात बसतं. कागदावर आरामात. प्रत्यक्षात ग्रामपंचायतींच्या परवानग्या, वावरातून जाणारे खांब आणि वांदरं. वांदरं नव्या तारेवर झोके घेतात, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. पण तार टाकली, सगळे जॉइंट दादानं स्वतः मारले, आणि त्यानंतर तळेगावची बाजू गेली तरी गावात कोणाला कळत नाही.

कोणी विचारलं नाही तरी सांगतो. दवाखाना, सेतू केंद्र, पतसंस्थेची छोटी शाखा यांनी लीज लाईनच्या नादी लागू नये. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं साधं ब्रॉडबँड आणि दोन वॅनचा (दोन इंटरनेट लाईन लागणारा) राऊटर, एवढ्यात भागतं. फक्त दोन्ही तारा एकाच खांबावरून येत नाहीत ना, ते बाहेर येऊन पाहा. केवळ कॅमेरे मोबाईलवर पाहायला स्टॅटिक आयपी (न बदलणारा पब्लिक आयपी) लागतो असं कोणी सांगत असेल तर तो जुन्या काळातला माणूस आहे, आताचे कॅमेरे क्लाउडवरून दिसतात. सर्व्हर तुमच्याच ऑफिसात असेल आणि बाहेरून लोक त्यावर येत असतील तर मात्र आयपी घ्या, कारण साध्या प्लॅनमध्ये एकच पब्लिक आयपी शेकडो घरांत वाटलेला असतो. आणि काम थांबलं की पैसे थांबत असतील, अपलोड मोठा असेल, तरच लीज लाईन. घेताना स्पीड शेवटी विचारा. आधी रूटचा नकाशा मागा. 99.5 टक्के एसएलए ऐकायला भारी वाटतो, पण 30 दिवसांचे तास 720, त्यातला अर्धा टक्का म्हणजे 3 तास 36 मिनिटं बंद राहायची त्यांना मुभा आहे. 99.9 असेल तर 43 मिनिटं. त्यापुढे बंद राहिलं तर काय देणार, हे कागदावर घ्या. 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट घ्यायला विसरू नका, अर्धे लोक विसरतात.

पॅम्प्लेटवाल्याकडे गेलेले बरेच जण आता परत येतात. आम्ही जोडून देतो, कटकट करत नाही. पण तुटलेल्या ड्रॉप केबलचे पैसे आणि इन्स्टॉलेशन चार्ज पूर्ण घेतो, त्यात दादा कोणाचं ऐकत नाही, अगदी माझ्या मेव्हण्याचंही ऐकलं नाही.