चिमटे घेतलेस का?

गोव्यात कोणी ‘आम्ही क्रूझला गेलो होतो’ म्हटलं की समोरचा आधी विचारतो, मांडवीतल्या की समुद्रावरच्या? मांडवीतली म्हणजे संध्याकाळी पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून सुटणारी, तासाभराचं नाचगाणं दाखवून पुन्हा तिथेच आणून सोडणारी. तिला हातरुमाल आणि मुंबईहून आलेले पाहुणे एवढं सामान पुरतं. दुसरी मुरगाव बंदरातली, केबिनवाली, रात्रीच्या मुक्कामाची. तिची तयारी सुरू झाली की आमच्या फोंड्याच्या घरात पलंगावर कपडे कमी आणि मतं जास्त पसरलेली असतात.

माझं मत असं की जहाजावर मोठं म्हणाल ते सगळं असतं. पोहायचा तलाव असतो, नाटकाचं थिएटर असतं, मध्यरात्री भूक लागली तरी काहीतरी खायला मिळतं. नसतो तो भिंतीला खिळा. घरी आपण दारामागे, खिडकीच्या गजाला, खुर्चीच्या पाठीला काय काय अडकवून ठेवतो ते केबिनमध्ये पाऊल टाकल्यावरच लक्षात येतं. दोन माणसं एकदम उभी राहिली तर एकाने पलंगावर बसावं, एवढीच जागा. त्यात ओले टॉवेल, टोप्या, पर्स, रात्रीचे कपडे आणि उद्या घालायचे कपडे. खिळा ठोकू म्हणाल तर भिंत चिऱ्याची नाही, लाकडाचीही नाही, पत्र्याची असते. वर गुळगुळीत रंगीत थर दिलेला असतो म्हणून कळत नाही एवढंच.

पण पत्रा आहे म्हणूनच तिथे लोहचुंबकाचे हूक चिकटतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते, बटणाएवढा चुंबक आणि खाली आकडा. चार-सहा घेतले की खोली राहण्याजोगी होते. कळंगुटच्या दुकानांतून पर्यटकांना विकतात ती माड नि मासळीवाली फ्रिजची चुंबकं या कामाची नाहीत, कागदाच्या चिटोऱ्यापलीकडे त्यांना काही पेलत नाही. पण केबिनच्या दाराला बाहेरून लावायला उत्तम. जहाजाच्या बोळात सगळी दारं एकसारखी, त्यांवरचे खोलीचे नंबर बारीक, आणि जेवून परत येताना आपण नेमके उलट्या टोकाला निघालेलो असतो. भावजींनी दारावर काजूबोंडाचा चुंबक लावला होता. गोव्याची आठवण म्हणून विकली जाणारी वस्तू गोवेकराच्या उपयोगी पडलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

आता चिमटे. कपड्यांचे, साधे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात प्लॅस्टिकचे रंगीबेरंगी मिळतात, पण ते आपल्याकडच्या उन्हात एका उन्हाळ्यात ठिसूळ होतात आणि ऐन वेळी कट्‌कन तुटून त्यांचं एक तंगडं हातात येतं. लाकडी घ्यावेत. त्यांच्या तारेवर पहिल्याच पावसाळ्यात गंजाचा तांबूस पट्टा येतो, पांढऱ्या कपड्याला लावायची सोय राहत नाही, पण पकड सुटत नाही. डेकवर वारा असा असतो की आरामखुर्चीवर पसरलेला टॉवेल आपण उठून चहा आणेपर्यंत दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. तिथे दोन चिमटे. न्हाणीघरातल्या दोरीवर ओले पोहण्याचे कपडे, तिथे दोन. पडद्यांच्या मधल्या फटीतून सकाळी बरोबर डोळ्यांवर ऊन येतं, तिथे एक. उरलेला चिवड्याच्या फोडलेल्या पाकिटाला. क्रूझला काय न्यावं याची यादी करून देणारे लोक प्रवासाचे खास क्लिप, खास पिशव्या, खास उश्या असं बरंच काही सुचवतात. मला त्यातलं निम्मं दुकानदाराच्या सोयीचं वाटतं.

विजेची भानगड मात्र खरी आहे. मुंबई-गोवा-लक्षद्वीप अशा फेऱ्या करत आलेलं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालचं. तेव्हा माणशी एक फोन, एक घड्याळ आणि कानात घालायचं आणखी एक काहीतरी रोज रात्री चार्जिंगला लावावं लागेल हे जहाज बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नसणार. त्या काळच्या केबिनमध्ये प्लगच्या जागा मोजक्याच असायच्या. शिवाय परदेशी बांधणीच्या जहाजांवर कुठे चपट्या पिनांचा अमेरिकी प्लग चालतो, कुठे गोल दोन पिनांचा युरोपी. आपली तीन जाड पिनांची सोय धरून चालू नये. म्हणून एक अडॅप्टर आणि चार फोन एकदम लागतील असा यूएसबीचा चार्जर, एवढं पुरे. घरचा एक्स्टेन्शन बोर्ड उचलून नेऊ नये, त्यातही विजेचा दाब अचानक वाढला तर तो अडवणारा, म्हणजे सर्ज प्रोटेक्टरवाला, तर नाहीच. जहाजाचं वायरिंग घरच्यासारखं जमिनीत अर्थिंग दिलेलं नसतं, त्यामुळे बोर्डातला तो दाब अडवणारा भाग तापून पेटण्याची भीती असते. तपासणीत हटकून काढून घेतात. इस्त्री आणि पाण्याची किटली यांनाही त्याच कारणाने बंदी, कारण भर समुद्रात आगीसारखं दुसरं संकट नाही. आमच्या मोठ्या वहिनींना हे पटलेलं नाही. ‘सुरकुतलेल्या साडीत फोटो काढायचे का?’ हा त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे.

खाण्याचंही तेच. घरी शिजवलेलं काही वर नेऊ देत नाहीत. सीलबंद कोरडा खाऊ बहुधा चालतो, तरी तिकिटाबरोबर आलेले नियम वाचून घ्यावेत. आईने डबा भरायला घेतला होता, तिला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

‘म्हणजे बोटीवर हात हलवत जायचं?’ ती म्हणाली.

तिचं चुकत नव्हतं. तिची बोट वेगळी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून कोकणातली एकेक बंदरं घेत पणजीला येणारी. तेव्हा लोक वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन चढत. डेकवर आधी सतरंजी टाकेल त्याची जागा. मधल्या कित्येक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे, लांब उभी राही आणि पडावातून माणसं, पोती, कोंबड्या हिंदकळत काठावर जात. पावसाळ्यात ती सेवा बंद. आजच्या क्रूझचा हंगामही इथे साधारण पावसाळा सरल्यावरच सुरू होतो, समुद्राने तेवढा नियम बदललेला नाही.

आईच्या सामानातली एक गोष्ट मात्र मी तशीच्या तशी उचलली : बोट लागू नये म्हणून घेतलेली पुरचुंडी. हुंगायला लिंबू, चघळायला आवळासुपारी आणि आलेपाकाच्या वड्या. आल्याने मळमळ थोडी दबते, हे डॉक्टरही नाकारत नाहीत. सोबत गोळ्या ठेवाव्यात, पण त्या अर्धापाऊण तास आधी घ्यायच्या असतात. पोटात ढवळायला लागल्यावर घेतली तर गोळी आणि नाश्ता दोन्ही बाहेर येतात. काही गोळ्यांनी झोपही फार येते, तेव्हा डॉक्टरांना विचारून घेतलेलं बरं. बुकिंग करतानाच खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमधची केबिन मागितली तर हेलकावे कमी जाणवतात. ही जागा कोणी बॅगेत भरून देत नाही, म्हणून याद्यांमध्ये ती सापडत नाही. इतकं करूनही लागलीच, तर डेकवर जाऊन क्षितिजावर नजर ठेवावी. मोबाईलवर नव्हे.

मोबाईलवरून आठवलं. किनारा दिसेनासा झाला की आपली रेंज जाते आणि फोन जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडू पाहतो. त्याचा दर हवेतला असतो. चढल्या चढल्या फोन विमानाच्या मोडवर टाकावा. सकाळची फुलंवाली सुप्रभातं दोन दिवस नाही पोचली तर कोणाचं काही बिघडत नाही. उलट काही घरी बरंच वाटेल.

चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून औषधं, ओळखपत्र, चष्मा आणि एक पातळ शाल खांद्यावरच्या पिशवीत हवी. शाल यासाठी की बाहेर गोव्याचं ऊन आणि आत एसीचा हिमालय. खिडकी नसलेली केबिन असेल तर एक छोटा रात्रीचा दिवाही ठेवावा. दिवे मालवले की त्या खोलीत स्वतःचा हात दिसत नाही आणि न्हाणीघराचं दार चाचपताना माणूस कपाटात शिरतो.

उतरण्याच्या आदल्या रात्री हाच प्रकार उलटा होतो. बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट बंदरावर भेटतात. सकाळी घालायचे कपडे त्याआधी बाजूला काढायचे असतात. आमच्या मावशी टापटिपीच्या, त्यांनी सगळं घड्या घालून, कुलूप लावून, वेळेच्या आधी बाहेर ठेवलं. सकाळी त्या गाऊनवर शाल लपेटून, गळ्यात मोत्यांची माळ घालून मुरगाव बंदरावर उतरल्या. टॅक्सीवाल्याने दार उघडून धरत अदबीने विचारलं, ‘माई, हॉस्पिटलात व्हरूं?’