तुम्ही विचारलंत म्हणून: पुरेशी झोप होऊनही थकवा का जात नाही?

'रात्री आठ तास झोपते, तरी सकाळी उठते ती दमलेलीच. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. मग हे आहे तरी काय?' थोड्याफार फरकाने हा प्रश्न सतत येतो. एका ओळीत त्याचं उत्तर देता येत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा हे मात्र सांगता येतं.

आधी एवढंच बघा: दिवसा शांत बसलात, हातात पुस्तक घेतलं, गाडीत मागच्या सीटवर टेकलात, की डोळा लागतो का? की डोळे टक्क उघडे असतात, पण उठून काही करायचं म्हटलं की अंगात त्राण नसतं? पहिल्या तऱ्हेत बिघाड बहुधा झोपेतच असतो, दुसरीत बहुधा झोपेबाहेर. डॉक्टर यासाठी एपवर्थ नावाची प्रश्नावली वापरतात. रोजचे आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती याला ० ते ३ गुण. बेरीज १०च्या वर गेली, तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असं धरतात.

डुलक्या येणाऱ्यांमध्ये मला सगळ्यात आधी संशय येतो तो स्लीप अॅप्नियाचा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट चेपली जाते आणि १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू खडबडून जागा करतो, श्वास पुन्हा सुरू होतो. ही जाग काही सेकंदांचीच असते, त्यामुळे सकाळी तिचा पत्ताही नसतो. तासाला असे ५ अडथळे आले की सौम्य, १५पासून मध्यम आणि ३०च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. मग घड्याळात आठ तास भरले तरी गाढ झोप अशी लागतच नाही. सकाळी डोकं जड होणं, तोंड कोरडं पडणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, औषधं घेऊनही बीपी आटोक्यात न येणं, या सगळ्या याच्याच खुणा असू शकतात. हा फक्त जाड माणसांचा आजार, हा समज काढून टाका. जबडा लहान किंवा मागे असेल तर सडपातळ माणसालाही तो होतो, आणि बायकांमध्ये अनेकदा घोरण्याऐवजी थकवा आणि झोपमोड हीच तक्रार असते.

शेजारी झोपणाऱ्याला विचारा. एकटे राहत असाल तर फोनवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करा. नुसतं घोरणं ऐकू नका. घोरणं मध्येच थांबतं, काही क्षण सगळं शांत, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, हे ऐकू येतं का ते बघा. घरी यंत्र लावून केलेली तपासणी 'ठीक' आली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. त्यातली बरीच यंत्रं अडथळ्यांची संख्या झोपेच्या नव्हे, तर रेकॉर्डिंगच्या तासांनी भागतात. तुम्ही दोन तास जागे असाल तर आकडा आपोआप कमी दिसतो. लक्षणं ठळक असतील तर प्रयोगशाळेतली पूर्ण रात्रीची तपासणी मागा. आणि गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर निदान आणि उपचार होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नका.

आता ते 'सगळे नॉर्मल' रिपोर्ट. बहुतेकदा त्यात हिमोग्लोबिन असतं, पण लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन नसतं. शरीर लोहाच्या कमतरतेत आधी साठा संपवतं आणि हिमोग्लोबिन शेवटी खाली येतं. त्यामुळे हिमोग्लोबिन १२.५ असलेली बाई कागदावर ठणठणीत आणि प्रत्यक्षात रिकामी असू शकते. फेरिटिन ३०च्या खाली असेल तर बरेच डॉक्टर साठा कमी धरतात. रात्री पाय वळवळणं, हलवल्याशिवाय चैन न पडणं असा त्रास असेल तर ७५पर्यंतचं फेरिटिनही उपचारासाठी विचारात घेतात. मात्र अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून सोबत सीआरपी ही सूज दाखवणारी रक्ततपासणी करून घेतलेली बरी.

लोहाची गोळी सुरू झाली तरी तिथे दोन घोळ होतात. एक, लवकर भरून येईल म्हणून लोक दिवसातून दोन-तीन गोळ्या घेतात. एका डोसनंतर हेपसिडिन हे हार्मोन वाढतं आणि जवळपास दिवसभर पुढच्या लोहाला अडवतं. म्हणूनच हल्ली अनेक डॉक्टर एक दिवसाआड एकच डोस देतात. दोन, हिमोग्लोबिन वर आलं की गोळी बंद. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. चहा, कॉफी आणि कॅल्शियम लोहाच्या गोळीपासून लांब ठेवा. थायरॉइडची गोळी तर चार तास लांब. आणि पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर गोळी देऊन थांबायचं नसतं. पोटातून रक्त जातंय का, ते शोधावंच लागतं.

एका कमतरतेमागे दुसरी लपते, हेही लक्षात असू द्या. बी-१२ कमी असेल तर लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असतील तर पेशींच्या आकाराची सरासरी अगदी बरोबर येऊ शकते. मधुमेहासाठीचं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासावंच. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर थायरॉइडचे आकडे चुकू शकतात, म्हणून निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवा. ड जीवनसत्त्वाला मात्र थकव्याचं जितकं श्रेय दिलं जातं, तितकं मी देणार नाही.

औषधांची यादी काढा. सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्या, बीपीचे बीटा ब्लॉकर, नसांच्या दुखण्यासाठीचं प्रीगाबालिन, काही नैराश्याची औषधं, यांतलं काहीही कारण असू शकतं. पण डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक सोडणं धोक्याचं आहे. मद्याने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. कॉफीचं म्हणाल, तर पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफीन अंगात असतं.

नैराश्यात रडूच यावं असं नाही. आवडीच्या गोष्टीतलंही मन उडालं असेल आणि सकाळ सगळ्यात जड जात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

एक प्रकार वेगळा ओळखायला हवा. थोडे श्रम झाले, त्या दिवशी निभावलं, आणि १२ ते ४८ तासांनी माणूस अंथरुणाला खिळला. हे सहा महिने चालू असेल, विशेषतः एखाद्या विषाणूच्या आजारानंतर, तर क्रॉनिक फटीग सिंड्रोमचा, म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या थकव्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. इथे 'रोज थोडा थोडा व्यायाम वाढवा' हा सल्ला उलटू शकतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढला. ताकद संपायच्या आधीच थांबायचं, आणि बरं वाटलेल्या दिवशी साचलेली कामं उरकायला जायचं नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे झोपायची-उठायची वेळ, डुलक्या आणि औषधं लिहून ठेवली तर निदानाला मदत होते. पण वजन आपोआप उतरतंय, ताप किंवा रात्री दरदरून घाम येतोय, गाठ लागतेय किंवा शौचातून रक्त जातंय, तर नोंदी करत बसू नका. त्याच आठवड्यात दाखवा. छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.