हळदीच्या भावाआधीचा भूप

गेल्या आषाढात आम्ही शाळेतल्या पाच मैत्रिणींनी एक खूळ काढलं. रोज सकाळी सातला एकीने विषय द्यायचा आणि रात्रीपर्यंत बाकीच्यांनी त्यावर आपापला अल्बम सांगायचा. सुटं गाणं चालणार नाही. नुसतं नाव टाकून पळायचं नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आहे त्या क्रमाने ऐकायचा. न्यू जर्सीवालीला आमचे सकाळचे सात म्हणजे रात्रीचे साडेनऊ. ती म्हणाली, बरं झालं, भांडी विसळताना सोबत होईल.

पहिला विषय अर्थातच पाऊस. दोघींनी 'गारवा' सांगितला. सौमित्रचे शब्द, मिलिंद इंगळेंचा आवाज, आमच्या नव्या नव्या नोकरीचे दिवस, समजू शकते. मी 'ऋतू हिरवा' म्हटलं. श्रीधर फडक्यांच्या चाली आणि आशाबाई, यापुढे मला वाद नको असतो. नागपूरवाली मात्र रीतसर गाणं शिकलेली. तिने कुमार गंधर्वांचा 'गीत वर्षा' टाकला आणि खाली शेरा मारला, "तुमचा पाऊस फार लाडिक आहे गं." दिवसभर जुंपली. संध्याकाळी गुपचूप कुमार ऐकले. शेरा अगदीच चुकीचा नव्हता, पण हे तिला अजून सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी खरी पंचाईत झाली. विषय बाजूलाच राहिला आणि अल्बम म्हणजे नक्की काय, यावर गाडी अडली. माझ्या कपाटात दीडशेच्या वर कॅसेटी आहेत. उघडून बघितलं तर निम्म्याहून जास्त 'निवडक', 'अवीट गोडीची', 'सुवर्ण' अशा. म्हणजे कंपनीने इकडची चार, तिकडची सहा गाणी उचलून पिशवीत भरलेली. आपलं भावगीत वाढलं तेच ७८ च्या तबकडीवर, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. आपला कानही तसाच घडला. गाणं आवडलं की सुई उचलून परत तेच. आधी काय होतं, पुढे काय येतं, कोण विचारतो?

मग आम्ही नियम केला: जे एकत्र म्हणून योजलंय तेच धरायचं. 'शिवकल्याण राजा' बसला. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून १९७४ साली हृदयनाथांनी मुद्दाम बांधलेला, आवाज लताबाईंचा. गीतरामायणावर तह झाला नाही. छप्पन्न गाणी, १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर दर आठवड्याला एक नवं. न्यू जर्सी म्हणते ही मालिका, अल्बम नव्हे. मी म्हणते, मग गदिमा आणि बाबूजींनी आपलंच खूळ सत्तर वर्षं आधी केलं होतं, तेही नवी गाणी लिहून. आपण आयत्या बिळावर.

'शब्द नकोत' या विषयाला चौघींनी एकच नाव दिलं, 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७. शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस: अहिर भैरवाने उजाडतं, पहाडीत रात्र होते. क्रम मोडला तर दिवसच मोडतो. आणि हा करवून घेणारे एचएमव्हीचे अधिकारी कोण, तर जी. एन. जोशी. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ज्यांनी रेकॉर्डवर गायली, तेच. तीन मिनिटांच्या भावगीताने नाव मिळवलेल्या माणसाने हा अख्खा दिवस बांधून घ्यावा, याची मला फार गंमत वाटली.

आणि मग बंगळुरूवालीने विषय दिला: दुसरी बाजू.

माझे बाबा मिरजेला रेल्वेत होते. क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत एक डॉक्टर राहायचे, त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर होता. तिथे वायर जोडून बाबांनी किशोरीताई आमोणकरांची एलपी कॅसेटवर उतरवली. एका बाजूला भूप राग, एका बाजूला बागेश्री. भूप उतरला, आणि डॉक्टरांना हॉस्पिटलमधून बोलावणं आलं. पुढे त्यांनी मिरज सोडली. बागेश्री राहिली ती राहिलीच.

साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एक बाजू तीस मिनिटांची. भूप संपून सातआठ मिनिटं कोरी उरली. बाबांना कोरं काही बघवत नसे, वहीतसुद्धा ते समासात हिशेब लिहायचे. रेडिओवरचं नाट्यगीत टिपायला त्यांनी बटण दाबलं, पण नाट्यगीत संपलं होतं आणि सांगली केंद्राचे बाजारभाव सुरू झाले होते. "नंतर पुसू," म्हणाले. कधी पुसलं नाही. त्यामुळे आमच्या घरी भूपातलं शेवटचं 'सहेला रे' संपलं की क्षणभर खरखर आणि लगेच एक बाई ठणठणीत आवाजात, "हळद, राजापुरी..." मी आणि भाऊ तेही सुरात म्हणायचो. गूळ येईपर्यंत.

तर त्या रात्री मी पन्नाशीत पहिल्यांदा त्या रेकॉर्डची दुसरी बाजू ऐकली. फोनवर, गवार मोडत. थोड्या वेळाने गवार तशीच राहिली. कुठलासा एक सूर सारखा येत होता, त्याच्यावर त्या थांबत होत्या, आणि मला तो ओळखीच्या घरात नवीनच खिडकी निघावी तसा वाटत होता. नागपूरला विचारलं. तिने लिहिलं, "अगं, मध्यम. भूपात म आणि नी नसतातच. बागेश्री तर मध्यमावरच उभी असते."

चाळीस वर्षं मी त्या एका सुराशिवायची बाजू उगाळत बसले होते.

मग भूपही लावला. 'सहेला रे' संपलं, आणि त्या अ‍ॅपने दम न घेता दुसऱ्याच कुणाचा यमन सुरू केला. मी दचकून फोन बंद केला. दोन्ही बाजू भावाला पाठवल्या, खाली काहीच न लिहिता. तो पुण्यात, अकराला झोपणारा. सव्वाअकराला उत्तर आलं:

"छान. पण राजापुरी काय भाव?"