गड्ड्यापासून एप्रिलच्या उन्हापर्यंत

२०२५ साली आमच्या सोलापुरातली गड्ड्याची जत्रा आणि भारतातली महिला फुटबॉल लीग दोन्ही जानेवारीतच सुरू झाली. जत्रेत मी एकदाच गेले. लीग मात्र १८ एप्रिलपर्यंत पुरली. आठ संघ, प्रत्येकाचे चौदा सामने. निम्मे मी मोबाइलवर पाहिले, भाकऱ्या थापता थापता. दोन करपल्या, त्याला युगांडाची फाझिला जबाबदार! गोकुलम केरळा संघाकडून तिने २४ गोल ठोकले. तरी विजेतेपद ईस्ट बंगाल संघाला, २०२४-२५ चं. एकटीच्या गोलांनी लीग जिंकता येत नाही, हे मला आधी पटतच नव्हतं.

पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत ईस्ट बंगालच्या ओडिशाविरुद्धच्या सामन्यात एकच गोल झाला, सौम्या गुगुलोथचा, आणि तेवढ्यावर किताब. ती तेलंगणातल्या निजामाबादकडची, असं सांगताच शेजारच्या अक्का मागावरून उठून आल्या. "मन अम्मायी!" म्हणाल्या, म्हणजे आपली मुलगी. आमच्या पूर्व भागात तेलुगू घराघरात, त्यामुळे ती लगेच घरचीच झाली. अक्कांना ऑफसाइड समजावताना मात्र माझा चहा गार झाला. शेवटी शेंगदाण्यांचे खेळाडू मांडले. अर्धे त्यांनी खाल्ले.