गिटारवर फिरणारा गज

सिगुर रोस या आइसलंडच्या बँडची ओळख बहुतेकांना गळ्यामुळे होते. पुरुषाचा की बाईचा हे चटकन न कळणारा, उंच फॉल्सेटो. पण बँडचा गायक-गिटारवादक यॉन थॉर बिर्गिसन ऊर्फ यॉन्सी (जन्म 1975) याची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी त्याच्या उजव्या हाताकडे बघा. तिथे प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) कमी आणि चेलोचा गज जास्त दिसतो.

गजाने गिटार वाजवणारा तो पहिला नव्हे. एडी फिलिप्स या गिटारवादकाने 1966 मध्येच ते केलं होतं, पुढे रॉक गिटारवादक जिमी पेजनेही. त्यांच्याकडे गज मधेच एखादी करामत दाखवायला यायचा. यॉन्सीने त्यावर अख्खी गाणी उभी केली.

खरं तर गिटार गजासाठी बनलेलीच नाही. व्हायोलिनची घोडी कमानदार असते, त्यामुळे गज तिरका धरून एकच तार छेडता येते. गिटारच्या तारा जवळपास एका पातळीत; गज टेकला की तीन-चार तारा एकदम बोलतात. एकटी सापडते ती फक्त कडेची तार, तीही गिटारची कंबर आड आली नाही तर. म्हणून नको त्या तारा डाव्या हाताने मुक्या कराव्या लागतात, नाहीतर गाण्याच्या सुरात लावून तंबोऱ्यासारख्या घुमू द्याव्या लागतात. घोडीच्या फार जवळ गेलं की आवाज किंचाळतो, गिटारच्या मानेकडे सरकलं की पोकळ होतो.

राळेचंही तसंच. गजाच्या केसांना राळ नसेल तर तो नुसता घसरतो. जास्त झाली तर भुकटी तारांवर आणि पिकअपवर (तारांचा कंप टिपणाऱ्या भागावर) साचते नि आवाज बसतो. वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसणं आलंच. धातूच्या गुंडाळलेल्या तारा केस तोडतात. मैफलीत यॉन्सीच्या गजाला लोंबणाऱ्या झिपऱ्या दिसतात, ते नाटक नव्हे.

एवढं करून कोरडा आवाज करवतीसारखाच येतो. त्याला लांब शेपटीचा रिव्हर्ब, म्हणजे सूर थांबल्यावरही घुमत राहणारा प्रतिध्वनी लागतो, पाचेक सेकंदांचा तरी. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं उपकरण, रिव्हर्बच्या आधी ठेवलं तर सूर सुटे राहतात. नंतर ठेवलं तर शेपटीही फाटते आणि सगळ्याची एक भिंत होते. शिवाय गजाचा सूर हळूहळू भरत जातो, त्यामुळे जलद ताल त्याला मानवत नाही. सिगुर रोसच्या संथपणात हिमनद्या शोधणाऱ्या समीक्षकांनी हे साधं कारणही बघायला हरकत नव्हती.

बँड 1994 मध्ये रेक्याविकला सुरू झाला. 1997 चा पहिला अल्बम ‘व्होन’ चाचपडतो. 1998 मध्ये क्यार्टन स्वेन्सन कीबोर्ड घेऊन आला, गजाखाली भक्कम स्वरांची बैठक तयार झाली आणि 1999 च्या ‘आउगायतिस बिर्युन’ने त्यांना जगभर नेलं. 2002 च्या अल्बमचं नाव म्हणजे नुसते दोन कंस. आठही गाणी बिननावाची. शब्द ‘व्होनलेन्स्का’तले. ही भाषा नव्हे: व्याकरण नाही, अर्थ नाही, चालीला बसतील ती अक्षरं. तराना ऐकलेल्याला यात गूढ वाटू नये. उलट गळा इथे वाद्यासारखा वापरला आहे, हे लगेच कळतं.

2010 च्या ‘गो’ या एकट्याच्या अल्बमवर तालवाद्यं धावतात, संगीतकार निको म्यूलीची वाद्यरचना फुलते, बरेच शब्द इंग्रजीत येतात आणि गज मागे हटतो. मग चाल एकदम वेगवान होते. हा योगायोग वाटत नाही. क्यार्टन गेल्यावर तिघांनी केलेल्या 2013 च्या ‘क्वेकुर’मध्ये भिंत परत आली, खरखरीत आणि जड.

2023 च्या ‘आउट्टा’मध्ये क्यार्टन परतला आहे, ड्रम्स जवळपास नाहीत, सोबत अख्खा वाद्यवृंद आहे. कितीतरी जागी चेलोचा गज कुठे संपतो आणि गिटारवरचा कुठे सुरू होतो, हे हेडफोन लावूनही सांगता येत नाही.